प्रूफ तपासायला बसताना: नवशिक्यांसाठी, फेरीफेरीने

लग्नपत्रिकेतली सगळी नावे बरोबर होती. मुहूर्ताची वेळ बरोबर होती, कार्यालयाचा पत्ताही बरोबर होता. तारीख मात्र शनिवारची होती आणि तिच्याआधी छापले होते 'रविवार'. चारशे पत्रिका घरी पोचल्यावर मुलीच्या आत्याने भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. त्या पत्रिकेचे प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी प्रत, मी तपासले होते, तेही तीन वेळा. तिन्ही वेळा माझे डोळे ऱ्हस्व-दीर्घावर होते. 'रविवार'मधला 'वि' ऱ्हस्व आहे ना, हे मी नीट पाहिले. तो दिवस खरोखर रविवार आहे का, हे पाहिलेच नाही. त्या रात्री मुलीच्या वडिलांबरोबर बसून आम्ही एकेका पत्रिकेवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे: डोळा जे शोधायला बसतो तेवढेच त्याला सापडते. म्हणून एकच मजकूर सगळे काही शोधत तीनदा वाचण्यात अर्थ नसतो. एका फेरीत एकच गोष्ट शोधायची, ती फेरी संपवायची, मग दुसरी. वेळ थोडा जास्त जातो, पण पत्रिकांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात जातो त्याहून कमीच.

सोलापुरात छपाईचे काम बारमाही चालते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, त्याच सुमाराला शाळांची स्नेहसंमेलने आणि त्यांच्या स्मरणिका, मग लग्नसराई, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, शिवाय चादरी-टॉवेलांची लेबले आणि चौकाचौकांतले फ्लेक्स. यातले बरेच प्रूफ तपासतो तो माणूस पेशाने मुद्रितशोधक नसतो. तो मंडळाचा चिटणीस असतो, कॉलेजच्या अंकाचे काम गळ्यात पडलेली विद्यार्थिनी असते, किंवा डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून देण्याच्या, दुकानात नुकताच लागलेला मुलगा. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

बसण्याआधी

आधी एक फरक लक्षात घ्या. वाक्य चांगले आहे का, परिच्छेद मागेपुढे करायचा का, हे संपादनाचे काम. ते प्रूफ येण्याआधी संपलेले असावे. प्रूफावर आपण फक्त एवढेच पाहतो की जे छापायचे ठरले तेच, जसे ठरले तसेच कागदावर उतरले आहे का. प्रूफावर वाक्ये नव्याने लिहायला लागलात तर चुका कमी होण्याऐवजी वाढतात, कारण नवीन मजकूर कोणीच तपासलेला नसतो.

वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या मारते, थोडी थांबते, पुन्हा उडी मारते, आणि मधली अक्षरे मन अंदाजाने भरून घेते. एरवी हे वरदानच आहे. प्रूफ तपासताना मात्र हीच सवय आडवी येते. स्वतः लिहिलेला मजकूर तपासणे तर सर्वांत अवघड, कारण काय लिहायचे होते ते आपल्याला पाठ असते आणि डोळ्यांना तेच दिसते. म्हणून आपले लेखन शक्य असेल तर दुसऱ्याला द्या. नसेल तर निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या. तेवढाही वेळ नसेल तर मजकुराचे रूप बदला: फॉन्ट वेगळा घ्या, अक्षर मोठे करा, ओळींची लांबी बदला. मन त्याला नवीन मजकूर समजते आणि नजर जरा सावध होते.

कागदावर छापून घ्या. फोनच्या पडद्यावर काना-मात्रा सुटतात, वेलांटीचे ऱ्हस्व-दीर्घ तर फारच. लाल पेन, पट्टी, मूळ प्रत, कॅलेंडर आणि एक चांगला मराठी शब्दकोश जवळ ठेवा. आणि शक्यतो सकाळी बसा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो, दुपारी तीन वाजता पंख्याखाली वाचलेल्या प्रूफावर माझा अजिबात विश्वास नाही. तासाभराने उठायचे, पाणी प्यायचे, लांब कुठेतरी पाहायचे.

एक छोटा कागद आधी तयार करा. त्यावर या कामापुरते ठराव लिहा. अंक '१२' असे की इंग्रजी वळणाचे? 'असे केले' की 'असं केलं'? 'श्री.' नंतर जागा सोडायची का? 'रु.' की '₹'? यात एक पर्याय बरोबर आणि दुसरा चूक असे फारसे नसते, पण पहिल्या पानावर एक आणि पाचव्या पानावर दुसरे हे वाचणाऱ्याला खुपते. लांब कामात शंका येईल तसा या कागदावर एकेक ठराव वाढत जातो. पुढच्या वर्षीच्या अंकालाही तो उपयोगी पडतो.

पहिली फेरी: नुसते वाचा

पेन खाली ठेवून एकदा सलग वाचा. कशाबद्दल आहे, कोणासाठी आहे, कुठे काही तुटल्यासारखे वाटते का. अडखळलात तिथे समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीने टिंब द्या आणि पुढे जा. इथे अक्षर सुधारायला थांबायचे नाही.

दुसरी फेरी: नावे आणि आकडे

ही फेरी मी व्याकरणाच्या आधी घेतो आणि तुम्हीही घ्या. 'करून' ऱ्हस्व छापले गेले तर चार जाणकार हळहळतील. माणसाचे नाव चुकले तर तो माणूस दुखावतो, आणि फोन नंबर चुकला तर छापलेले सगळे वाया.

सोलापुरात ही फेरी जास्त जपून घ्यावी लागते, कारण इथल्या एका यादीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशी चारी भाषांची नावे शेजारी बसलेली असतात. मराठी कान त्यांना नकळत आपल्या वळणावर नेतो. 'बोल्ली' हे आडनाव टाइप करणाऱ्याच्या हातून 'बोली' होते, आणि 'बोली' हा शब्द शब्दकोशात आहे म्हणून संगणकही त्याला अडवत नाही. 'मल्लप्पा'मधला एक 'ल' गळतो. 'हिरेमठ'चे 'हिरमठ' होते. यावर उपाय एकच: नाव त्या माणसाकडून लिहून मागायचे आणि तो लिहितो तसेच ठेवायचे. आडनावाला शुद्धलेखनाचे नियम लावायला जाऊ नका. कोणी आपले नाव 'सुनिल' लिहीत असेल तर ते 'सुनिल'च छापायचे.

सार्वजनिक व्यक्तींची नावे आणि साले आठवणीवर सोडू नका. जानेवारीत चार हुतात्म्यांच्या अभिवादनाची पत्रके निघतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. सोलापुरातला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, मात्र १९३० च्या मे महिन्यातला. दोन्ही साले एकाच परिच्छेदात आली की त्यांची अदलाबदल होते, आणि वाचणारा मान डोलावत पुढे जातो, कारण दोन्ही साले त्याच्या ओळखीची असतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे इथलेच. त्यांच्या नावात 'ण' आहे, 'कोटनीस' नव्हे. सोलापूर विद्यापीठाची स्थापना २००४ ची. २०१९ पासून त्याचे पूर्ण नाव 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' असे आहे, तेव्हा जुन्या फाइलवरून उचललेला मजकूर असेल तर तिथे थांबून पाहा.

आकड्यांसाठी माझी पद्धत अशी. तारीख दिसली की कॅलेंडर उघडून वार जुळवायचा, दर वेळी, कितीही खात्री असली तरी. मोबाइल नंबरचे अंक पेनाच्या टोकाने मोजायचे, दहा भरले पाहिजेत. मग तो नंबर प्रूफावरून वाचून आपल्या फोनवरून लावायचा. पलीकडे योग्य माणूस बोलला तरच त्यावर बरोबरची खूण. पिनकोड सहा अंकी, आणि सोलापूर शहराचा असेल तर ४१३०ने सुरू होणारा. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही असेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' ऐकताना आणि लिहिताना सारखेच चकवतात. अहवालातली बेरीज स्वतः करून पाहायची. देवनागरी १ आणि ९ बारीक अक्षरात एकमेकांसारखे दिसतात, तिथे भिंग घ्यायला संकोच नको. यादी असेल तर मोजा. जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी असेल तर अकरा नावे हवीत. उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर यांतला एक हमखास गळतो.

पत्रिकेत 'कै.' आणि 'चि.' कोणाच्या नावामागे आहे ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारून घ्या. डीटीपीवाले जुन्या पत्रिकेची फाइल उघडून त्यावर नवीन नावे टाइप करतात, आणि आधीच्या घरचे काहीतरी मागे राहून जाते.

तिसरी फेरी: मूळ प्रतीशी ताडून

हे काम दोघांनी करायचे. एकाच्या हातात मूळ प्रत, दुसऱ्याच्या हातात प्रूफ. मूळ प्रत असलेला मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट: "स्वल्पविराम... पूर्णविराम... नवा परिच्छेद... अवतरण सुरू." प्रूफवाला फक्त पाहतो आणि खुणा करतो. वाचणाऱ्याने भावपूर्ण वाचायचे नाही. अक्षर अक्षर सपाट उच्चारायचे, 'महत्त्व' आला तर "दोन त" असे सांगायचे. घरात कोणी नसेल तर मजकूर फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि तो ऐकत प्रूफ पाहा.

या फेरीत सापडतात त्या चुका दुसरीकडे कुठे सापडत नाहीत: गळलेली ओळ, दोनदा आलेला शब्द, मूळ हस्ताक्षरातल्या 'सत्कार'चा झालेला 'सरकार'. ओळ गळते ती बहुधा एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळी लागोपाठ आल्या की. टाइप करणाऱ्याची नजर पहिलीवरून उठून दुसरीवर पडते.

मी काम शिकलो तेव्हा एक जुने मुद्रितशोधक होते, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापण्याच्या काळातले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्याजवळ एक पोस्टकार्ड असायचे, मधोमध एका ओळीएवढी खिडकी कापलेले. ते प्रूफावर ठेवून खाली सरकवत जायचे, एका वेळी एकच ओळ दिसायची. पुढची ओळ दिसली की डोळा तिकडे पळतो, म्हणून ती झाकायची, असे ते सांगत. मी आजही तसेच कार्ड वापरतो. दोन मिनिटांत कापून होते.

चौथी फेरी: अक्षर आणि शुद्धलेखन

आज आपण पाळतो ते लेखनाचे नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले. तेव्हा ते चौदा होते, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून अठरा झाले. अठराही एकदा शांतपणे वाचून काढा. पण कामाच्या वेळी थोडेच नियम पुन्हा पुन्हा हाताशी येतात. ते असे.

शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर तो दीर्घ: पाणी, कवी, गुरू, वस्तू. एका अक्षराचे शब्दही दीर्घ: मी, ती, ही, जी, तू. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' हे अपवाद पाठच करा. मात्र संस्कृतातून आलेला असा शब्द जोडशब्दात पहिला बसला की पुन्हा ऱ्हस्व होतो: गुरुवार, रविवार, बुद्धिबळ, लघुकथा.

शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: गरीब, फूल, जमीन. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळच्याप्रमाणे राहतात: मंदिर, गुण, मधुर. आपल्या गावाचे नावच या नियमाचे उदाहरण आहे, सोलापूर दीर्घ. शब्दाचे सामान्यरूप झाले, म्हणजे प्रत्यय लागताना त्याचे रूप बदलले, की तोच उकार ऱ्हस्व होतो: सोलापुरात, सोलापुरी चादर. फुलाचा, गरिबाला, जमिनीवर हेही तसेच. 'सोलापूरला', 'सोलापूरचा', 'सोलापूरकर' यांत रूप बदलत नाही, तिथे दीर्घच. एवढे एक नाव नीट कळले तर अर्धा नियम कळला.

गिरण्यांच्या गावात 'सूत' हा शब्द रोज लागतो. 'सूत' म्हणजे धागा, 'सुत' म्हणजे मुलगा. 'सुत गिरणी' असे छापलेला फलक मी पाहिला आहे, आणि संगणकाने त्याला हरकत घेतलेली नसणार, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. 'सुताची गिरणी' लिहिले तर ऱ्हस्व बरोबर, वरच्याच नियमाने. 'दिन' आणि 'दीन' ही अशीच जोडी: शिक्षक दिन साजरा करायचा असतो.

'ऊन' हा प्रत्यय नेहमी दीर्घ: करून, राहून, पाहून, येऊन. 'करुन' ही मराठीत सर्वांत जास्त छापली जाणारी चूक असावी असे मला रोजच्या कामावरून वाटते.

जोडाक्षरे उच्चारून लिहा. आपल्या ग्रामदैवताचे नाव 'सिद्धेश्वर', सिद्-धे-श्वर. आधी अर्धा द, मग पूर्ण ध. 'सिध्देश्वर' असे लिहिले की अर्धा ध आधी येतो आणि तसा उच्चार कोणीच करत नाही. शुद्ध, प्रसिद्ध, बुद्धी, युद्ध सगळीकडे हेच. 'उद्घाटन'मध्ये 'घ' आहे, 'ध' नाही. फ्लेक्सवर जवळ जाऊन पाहा, दहापैकी काही ठिकाणी 'उद्धाटन' सापडेलच. 'महत्त्व' आणि 'तत्त्व' यांत 'व'च्या आधी दोन त, कारण महत् आणि तत् यांना 'त्व' लागला आहे. 'नेतृत्व'मध्ये 'व'च्या आधी एकच. 'उज्ज्वल'मध्ये दोन ज. 'ज्येष्ठ'मध्ये य.

अनुस्वाराकडे थोडे जास्त थांबून पाहा. 'प्रमुख पाहुणे यांच्या हस्ते' यातले एक टिंब गळले की 'याच्या हस्ते' होते, आणि व्यासपीठावरच्या वडीलधाऱ्या माणसाचा आपण एकेरीत उल्लेख केलेला असतो. 'सरांनी', 'बाईंचे', 'आजोबांना' यांतही सन्मान त्या टिंबातच आहे.

शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहा. 'मंदिरा जवळ', 'वाचना साठी', 'त्या मुळे' हे तुटके लिहिणे फोनवर टाइप करण्याच्या सवयीने फार वाढले आहे. मंदिराजवळ, वाचनासाठी, त्यामुळे.

आता एक नमुना. वाचनालयाच्या निमंत्रणाचा हा मजकूर पुढे वाचण्याआधी स्वतः तपासून पाहा:

"आमच्या वाचनालयाच्या नविन ईमारतीचे उद्धाटन जेष्ठ साहित्यिकांच्या हस्ते रविवार दि. १४ रोजी सांयकाळी ६ वाजता होणार आहे. तरी आपण सहकुटूंब ऊपस्थित राहुन आम्हांस आर्शिवाद द्यावा हि विनंती."

अक्षरांच्या चुका दहा आहेत. नवीन, इमारतीचे, उद्घाटन, ज्येष्ठ, सायंकाळी, सहकुटुंब, उपस्थित, राहून, आशीर्वाद, ही. 'सायंकाळी'मधले टिंब 'य'वर असते आणि 'आशीर्वाद'मधला रफार 'वा'वर. ही दोन्ही चिन्हे एक घर अलीकडे सरकण्याची खोड जुनी आहे. दहाच्या दहा सापडल्या असतील तर शाबास. पण महिना कुठे आहे? कार्यक्रमाची जागा कुठे आहे? आणि ते साहित्यिक कोण? अक्षरे शोधताना या तीन गोष्टी निसटल्या असतील तर पहिल्या फेरीचे आणि दुसऱ्या फेरीचे कारण तुमच्या लक्षात आले असेल.

पाचवी फेरी: संगणकाकडून

काही चुका डोळ्याला दिसूच शकत नाहीत, त्या संगणकाच्या 'शोधा' या सोयीने काढाव्या लागतात. 'दुःख', 'स्वतः', 'अंतःकरण' यांत विसर्गाऐवजी कोलन टाइप झालेले असते. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ओळ संपताना शब्द मधेच तुटतो आणि शोधायला गेलात तर शब्द सापडत नाही. मजकुरात कोलन शोधा आणि प्रत्येकापाशी थांबा. 'ध्द' शोधा. दोन शब्दांत पडलेल्या दोन मोकळ्या जागा शोधा. स्वल्पविरामाच्या आधी पडलेली जागा शोधा. 'र्या' शोधा: 'सूर्या'मध्ये तो योग्य आहे, पण 'दुसर्या', 'कोपर्यात' दिसले तर ते 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात' हवे.

जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर तो संपूर्ण पुन्हा वाचावा लागतो, यात सवलत नाही. रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते, 'श्र' आणि 'ष्ट्र' फुटतात.

स्पेलिंग तपासणारी सोय जरूर चालवा, पण तिने लाल रेघ मारली नाही म्हणजे शब्द बरोबर असे समजू नका. 'सुत' आणि 'दीन' आपण पाहिलेच. आणि 'सगळे बदला' हे बटण कधीही दाबू नका. एकेक पाहून बदला.

मोठी अक्षरे

सर्वांत मोठ्या टाइपातली चूक सर्वांत उशिरा दिसते. मुखपृष्ठ, मथळे, फोटोंखालच्या ओळी, पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका, हे सगळे वेगळे काढून शेवटी एकदा पाहा. अनुक्रमणिकेतले प्रत्येक पान उघडून जुळवा. फोटोतली माणसे डावीकडून मोजा, नावे मोजा. फ्लेक्सचे प्रूफ फोनवर आले तर ते उलटे वाचा, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, म्हणजे अर्थ लागत नाही आणि अक्षरे दिसू लागतात.

काय दुरुस्त करायचे नाही

कथेतले पात्र "काय करलालाय बे?" म्हणत असेल तर ते तसेच राहू द्या. ती सोलापुरी बोली आहे, लेखकाने ऐकून लिहिली आहे, आणि तिला 'काय करत आहेस' करणे म्हणजे त्या माणसाचे तोंड बंद करणे. फक्त एवढे पाहा की तेच पात्र पुढच्या पानावर वेगळे बोलत नाही ना. अवतरण असेल तर मुळाशी ताडून पाहा, पण त्याची भाषा सुधारू नका. कवितेतल्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावण्याआधी कवीला विचारा, वृत्तासाठी ते मुद्दाम केलेले असते. शंका आली तर बदल करण्याऐवजी समासात प्रश्नचिन्ह काढा आणि लेखकाला फोन करा.

खुणा आणि दुसरे प्रूफ

दुरुस्ती मजकुराच्या आत बारीक अक्षरात कोंबू नका, डीटीपीवाल्याला ती दिसत नाही. चुकीच्या अक्षरावर रेघ मारा आणि बरोबर अक्षर त्याच ओळीच्या समोर समासात लिहा. एका ओळीत तीन चुका असतील तर त्या डावीकडून उजवीकडे, मध्ये तिरकी रेघ देऊन. काही घालायचे असेल तर ओळीत काकपद काढा, म्हणजे उलट्या 'व्ही'सारखी खूण, आणि घालायचा मजकूर समासात. काढून टाकायचे असेल तर रेघ मारून समासात वळसेदार शेपटीची खूण. चुकून रेघ मारली तर शब्दाखाली टिंबांची ओळ काढा आणि समासात 'राहू द्या' लिहा. अक्षर सुवाच्य हवे. तुमच्या खुणेतली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे समजले नाही तर टाइप करणारा आपल्या मनाने ठरवेल.

दुरुस्त्या व्हॉट्सॲपवर दहा वेगवेगळ्या निरोपांत पाठवू नका, त्यातला एक राहतोच. सगळ्या एका कागदावर करा, त्या पानाचा सरळ वरून काढलेला फोटो पाठवा, आणि फाइलच्या नावात 'प्रूफ १', 'प्रूफ २' असा क्रमांक असू द्या. गेल्या आठवड्याची फाइल छापायला जाणे हे आपल्याकडे नित्याचे आहे.

दुसरे प्रूफ आले की पहिले शेजारी ठेवा. आपली प्रत्येक खूण घ्या, ती झाली का पाहा, पहिल्या प्रूफावर त्या खुणेपुढे बरोबरची खूण करा. मग दुरुस्त झालेल्या ओळीच्या वरची आणि खालची ओळही वाचा. एक शब्द वाढला की पुढच्या ओळी सरकतात, परिच्छेदाचा शेवटचा शब्द पुढच्या पानावर एकटा जाऊन पडतो, आणि दुरुस्त करणाऱ्या बोटाने शेजारचे एखादे अक्षर नकळत पुसलेले असते.

सगळे झाले की शेवटच्या प्रूफाच्या प्रत्येक पानावर 'छापण्यास हरकत नाही' असे लिहून तारीख टाका आणि सही करा. सही नुसती पहिल्या पानावर नको. ती प्रत माल हातात येईपर्यंत जपून ठेवा. छपाई सुरू होताना छापखान्यात जाणे जमत असेल तर जा. मशीनवरून पहिली प्रत निघाली की ती हातात घ्या, खिशातला फोन काढून छापलेला नंबर लावा आणि कॅलेंडर उघडून वार पाहा. बाकीच्या प्रती त्यानंतर निघू द्या.